वाळवंटातला सौना

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या शाळांच्या प्रमुख माननीय लुसेरोबाई. व्यासपीठावर विराजमान झालेले आणि मघापासून पोसोलेच्या रश्श्याच्या पातेल्यावर डोळे लावून बसलेले महापौरसाहेब. माझ्या यजमानांबरोबर शाळेच्या बस हाकणारे समस्त चालक बंधुभगिनी. केवळ जेवणासाठी आलेला माझा सख्खा भाऊ युसेबियो. आणि न्यू मेक्सिकोतल्या आपल्या या सोकोरो गावातली तमाम सुजाण मंडळी,

मला 'दोन शब्द' बोलायला सांगितल्याबद्दल संयोजकांची मी ऋणी आहे. बायकोला दोन शब्दांत आटपायला सांगणारी माणसं शाळा कशा चालवतात, देव जाणे.

आत्तापर्यंतच्या वक्त्यांनी आमचे यजमान, आर्वो निएमेला, या गृहस्थांच्या तीस वर्षांच्या सेवेचं तोंड भरून कौतुक केलं. बस कधी उशिरा आली नाही, मूल कधी मागे राहिलं नाही. खरंच आहे ते. पण याच तीस वर्षांत या गृहस्थांनी आणखी एक सेवा अखंड, बिनपगारी, एकही रजा न घेता केली, तिचा उल्लेख कुणी केलाच नाही. ती म्हणजे मिशिगनची आठवण काढणं. तुम्ही त्यांना वाहतूक-प्रमुख म्हणून ओळखता. मी त्यांना मिशिगनचे राजदूत म्हणून ओळखते. सासर देशाच्या दुसऱ्या टोकाला आहे म्हणून माझ्या मैत्रिणी माझा हेवा करायच्या. त्यांना काय ठाऊक, सासुरवास मला रोज सकाळी नाश्त्याबरोबर घरपोच मिळत होता! "याला नदी म्हणता तुम्ही? आमच्याकडे एवढं पाणी गळक्या नळातून जातं." "ही झाडं? आमच्याकडे याला झुडूप म्हणतात."

मुलांनो, बर्फाची सुट्टी आठवते का? कशी आठवेल? मिळालीच नाही कधी! इथे दोन बोटं बर्फ पडला की अख्खं गाव दारं लावून बसतं. पहाटे शाळेतून फोन यायचा, "आर्वो, बस निघतील का?" हे महाशय अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात अंगणात जायचे, बुटाच्या टोकाने तो बर्फ उकरायचे आणि म्हणायचे, "हा बर्फ? आमच्याकडे एवढी साखर पावावर भुरभुरवतात." की निघाल्या बस! एका वर्षी पोरांनी सूड म्हणून आमच्या दारावर अंडी फेकली. मी डोक्याला हात लावून बसले, आणि हे दाराकडे बघून म्हणतात काय, "बघ, फुटली! आमच्याकडे गोठलेली असती, दारच फुटलं असतं." काय अभिमान तो!

आणि तो सौना! ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. यांचे पणजोबा फिनलंडहून मिशिगनच्या तांब्याच्या खाणीत आले, आणि येताना घाम गाळायची हौस घेऊन आले. तिकडे घराघरात लाकडाची एक कोठी असते. आत दगड तापवायचे, वर पाणी ओतायचं आणि वाफेत बसून राहायचं. तिकडच्या थंडीत ठीक आहे हो. पण आमच्या लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, कुत्रीसुद्धा सावली सोडत नव्हती तेव्हा, यांनी मागच्या अंगणात ती कोठी उभी केली.

युसेबियो बघायला आला. "भाऊजी, हे काय? मांस धुरवायची खोली?"

"सौना. आत बसून घाम काढायचा."

युसेबियोने मान वर करून सूर्याकडे पाहिलं. "मग बाहेरच उभे राहा की! फुकट आहे."

तिकडे म्हणे आतून बाहेर आलं की बर्फात उडी मारतात. इथे हे बाहेर येऊन बागेच्या नळीखाली उभे राहायचे, आणि नळीतलं पाणी आतल्यापेक्षा गरम! तरी नेम चुकला नाही. संध्याकाळ झाली की स्वारी आत.

मी एकदा मिशिगनला जाऊन आले बरं का. माझ्यावर कसलाही अन्याय झाला नाही. नणंदबाई, आइली, फार प्रेमळ. पहिल्याच जेवणाला म्हणाल्या, "तुझं इंग्रजी छान आहे गं. तुमच्या देशात शाळेत शिकवतात वाटतं?"

मी म्हटलं, "आइलीबाई, न्यू मेक्सिको हे अमेरिकेतलंच राज्य आहे."

"हो का? कधीपासून?"

मग मी भीत भीत विचारलं, घरात थोडी मिरची मिळेल का. त्यांनी टोमॅटोच्या सॉसची बाटली पुढे केली आणि कानात सांगितलं, "बेताने घे हं, तिखट आहे."

तर अशा त्या स्वर्गाकडे परवा शनिवारी आमचा ट्रक निघतोय. लग्नाच्या वेळीच आमचं ठरलं होतं, निवृत्तीपर्यंत माझ्या गावात, त्यानंतर यांच्या. मी क्षणात हो म्हटलं होतं. तरुणपणी निवृत्ती ही दुसऱ्यांना होणारी गोष्ट वाटते. गेला आठवडाभर तुम्ही सगळे माझं अभिनंदन करताय. "एलोइसा, मजा आहे तुझी! एवढं मोठं तळं! हिरवंगार रान!" इतकी मजा आहे तर तुम्ही जा ना. मी किल्ल्या देते.

असो. मुद्दा राहिला बाजूला. लुसेरोबाई घड्याळाकडे बघतायत, एवढं एक सांगते आणि बसते.

सोमवारी मी सामान बांधत होते. 'स्वयंपाकघर' लिहिलेलं एक खोकं जागचं हलेना. माझ्याकडे एवढी भांडी आली कुठून म्हणून उघडलं, तर आत कपांच्या शेजारी विटा. मातीच्या, गवत घातलेल्या कच्च्या विटा. आपल्या अंगणातल्या पाव भाजायच्या भट्टीला लागतात तशा. युसेबियो, असा जमिनीकडे बघू नकोस. तुझ्याच परसातल्या आहेत हे मी रंगावरून ओळखलं.

मी विचारलं, "आर्वो, हे काय?"

"तुझी भट्टी. तिकडे अंगणात बांधणार."

"अरे, तिकडे सहा महिने बर्फ. कच्ची माती ती! पहिल्या वसंतात चिखल होईल."

"होईल."

"मग?"

"मग पुन्हा बांधीन. माती पाठवायला सांगितलंय युसेबियोला."

"डोकं ठिकाणावर आहे का? पाव दुकानात मिळतो."

तेव्हा हे गृहस्थ त्या खोक्यावर बसले आणि म्हणाले, "एलो, तो सौना मी अंघोळीसाठी बांधला असं वाटतं तुला?"

"मग कशासाठी?"

"पहिली काही वर्षं मला रोज पळून जावंसं वाटायचं. आत बसलं की तोंड असंही ओलं होतं. कुणी काही विचारत नाही. तुलाही तिकडे तशी एखादी जागा लागेल. भट्टीपुढे धुराचं निमित्त असतं."

मंडळी, माझी जीभ कशी आहे ते तुम्ही जाणता. एवढं ऐकून मी काय म्हणाले असेन? म्हटलं, "विटा कपांच्या खोक्यात कशाला भरल्यास? कप फुटतील."

तेव्हा आता स्पष्ट सांगते. मला जायचं नाहीये. मी या गावात जन्मले, माझी आई इथल्याच मातीत आहे, आणि मला इथून मुळीच जायचं नाहीये. आणि मी जाणार आहे. हा माणूस माझ्यासाठी इतकी वर्षं इथे राहिला आणि एक दिवस गप्प बसला नाही. मीही बसणार नाही. त्या बिचाऱ्या मिशिगनवाल्यांना कल्पनाच नाही त्यांच्याकडे काय येतंय.

समारंभ आखणाऱ्यांचे, पोसोले रांधणाऱ्या हातांचे, ट्रक भरून देणार असलेल्या चालक बांधवांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाला टोचलं असेल, कुणाचं नाव राहून गेलं असेल, तर ते घरच्या बाईचं बोलणं म्हणून पोटात घाला. आणि एकच विनंती. या सभागृहात धूर नाही, माझ्यापाशी काही निमित्त नाही. तेव्हा दोन मिनिटं सगळ्यांनी कृपा करून दुसरीकडे बघावं.