चिनी केंद्र आणि माझं एकच वाक्य

नाही, मला सांगा, ज्या पाहुण्याला भरतीच्या पाण्यावर लाँच गाठायची आहे, त्याच्यासमोर कोणी कोकणातल्या बंदरांचा इतिहास काढतं का... तोही अगदी पहिल्यापासून? आमच्या शाळेच्या अध्यक्षांनी, दयारामशेठांनी काढला. आणि माझं एकच वाक्य होतं.

तुम्हाला सांगते, विद्यापीठाचं चिनी भाषा-संस्कृती केंद्र अलिबागला उघडायचं ठरलं, त्याला आमच्या शाळेचा चित्रकलेचा वर्ग दिला, दारावर गुलाबी फीत बांधली, आणि ती कापायला खुद्द चीनहून प्राध्यापक येणार होते. शिकवायला मुंबईहून कमळताई आल्या. त्यांनी स्वागताला निवडलं कोणाला? तर मला, जिचं 'हजर' बाईंनाही ऐकू जात नाही. म्हटलं, "ताई, मला बोलता येत नाही." तर म्हणाल्या, "म्हणूनच. तू नीट ऐकतेस. ही भाषा आधी कानाने शिकायची." असं मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं हो. आई म्हणाली, "घरात पाव्हणा आला तर तोंड उघडत न्हाय, नि आता चिन्याला या-बसा करनार." पण मी चिनीत पाठ केलं, विहिरीवर, चुलीपुढे, शेणी थापताना... 'लांबून आलात, या, बसा.' माझं एकच वाक्य होतं, ते धड म्हटलं की केंद्राची पहिली विद्यार्थिनी मी, असं ताईंनी कबूल केलं होतं.

त्या दिवशी दयारामशेठ 'फक्त दोन शब्द' बोलायला उठले ते बसेचनात, मग उपाध्यक्षांचे दोन शब्द, मग माजी अध्यक्ष, "मी बोलणार नव्हतो, पण..." आणि मी पडद्यामागे, वाक्य जाईल म्हणून आवंढाही गिळत नाही... एवढ्यात जीपवाला दारात. "सायेब, रेवसला पानी उतरतंय. लाँच थांबायची न्हाय."

झालं. सभा तिथेच मोडली. पाहुणे जीपमध्ये, आम्ही लेझीमच्या मुली मागून ट्रकमध्ये, निरोपाला.

धक्क्यावर पोचलो तर लाँच सुटलेली. पाहुणे कठड्याशी उभे राहून हात हलवत होते. मला काय झालं कोण जाणे, मी ओरडले, जन्मात पहिल्यांदा. लांबून आलात, या, बसा... निघालेल्या माणसाला. बाकीच्यांना कळलं नाही म्हणून बरं. पण त्यांना कळलं. त्यांनी हात खाली घेतला, माझ्याकडे बघून मान लववली, आणि मुकाट्याने बाकावर बसले.

परत आलो तर दारावर फीत तशीच. घाईत कापायची राहिलीच की. दयारामशेठ म्हणाले, "फीत पाहुण्यांच्याच हातून कापायची. तोवर आत पाऊल टाकायचं नाही कोणी." पाहुणे तर चीनला पोचलेसुद्धा. वाट बघून बघून विद्यापीठाने कमळताईंना परत बोलावून घेतलं. आम्ही चित्रं आता व्हरांड्यात बसून काढतो, कागद वाऱ्याने उडतात.

रोज त्या बंद दारावरून जाताना मी हळूच म्हणते, लांबून आलात, या, बसा. काय करणार... माझं एकच वाक्य आहे. दुसरं फितीच्या पलीकडे.