वाडीवरचा धडा

“रातचं बावखलात पाय घालू नको रे, पानी निजलंय!” वाडीतल्या तळ्याकाठून आईनं कधीकाळी मारलेली हाक रेमंडला निर्मळच्या बसच्या रांगेत आठवली. पुढं उभ्या दोघी शिक्षिका बावखलाचंच बोलत होत्या.

“लुईझा, नववीला शाश्वत विकास चाललाय. दरवर्षीसारखी मुलं उद्या तुझ्या वाडीवर आणते. तुझं बावखल पाहिलं की पुस्तक उघडावंच लागत नाही.”

“यंदा पुस्तकातूनच शिकव ना, सुमेधा.”

“शिकवलं की! पाणी पुढच्यांसाठी राखा म्हटलं, तर ती आर्या उभी राहिली. म्हणे, टीचर, आमच्या तुळिंजला एवढी माणसं, पाणी टँकरचं. राखायचं कुठलं?”

“मग?”

“म्हटलं, पणज्या-खापरपणज्यांपासून सगळ्यांना पुरत आलेलं पाणी उद्या दाखवते. तेव्हा कुठे पोरगी खाली बसली.”

“केळी तुडवतील गं तुझी कार्टी.”

“गेल्या वर्षी तूच म्हणालीस, तुडवू देत, केळ पुन्हा फुटते!”

“ऊन फार आहे.”

“झालंय काय तुला? नको तर नको म्हण. पण त्या पोरीला मी दुसरं काय दाखवू?”

“बावखल नाही उरलं, सुमेधा. ईस्टरनंतर बुजवलं. भावांची मुलं मोठी झाली, लग्नं ठरली, खोल्या बांधायला जागा कुठून आणायची? बिल्डर नव्हता गं कुणी. आम्हीच. पहिल्या डंपरला फाटक मी उघडलं.”