काकांच्या बोटाची पट्टी

माझं शुद्धलेखन कच्चं आणि शब्द साधे. शाळा अर्ध्यात सोडली, तेवढं सांभाळून घ्या. पण मतदानाच्या दिवशी काय झालं ते ऐका.

सारसोळ्याचे आमचे दामूकाका खाडीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडतात. चिंबोरी चावल्यामुळे त्यांच्या बोटाला पट्टी होती. गावच्या ग्रुपवर मेसेज आला, 'बोटाला जखम असेल तर शाई लावत नाहीत, मत देता येणार नाही.' काका घरीच बसले. मी आणि माझा भाऊ सकाळीच मत देऊन कामावर गेलो होतो. संध्याकाळी केंद्र बंद झाल्यावर काकांना कळलं, शाई दुसऱ्या बोटाला लावतात.

मेसेज टाकणारा नीलेश म्हणाला, "मी फक्त फॉरवर्ड केला. आता ग्रुपवर बोलायचं पण नाय का?"

माझा भाऊ भडकला. "कायदा आहे याला. काका, तक्रार करू."

काका पट्टीकडे बघत म्हणाले, "नको रं. तो रोज बोलतो, बोलू दे. मला पाच वर्सांनी एकदा बोलायला मिलतं. तेवढं गेलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांकडे चिंबोऱ्या आणायला गेलो. शाईचं बोट खिशातून बाहेर काढलंच नाही.