शिबिरातलं रक्त

वलगावच्या बसमध्ये माझ्यापुढच्या सीटवर जिल्हा परिषद शाळेचे दोन गुरुजी बसले होते. त्यातल्या वयस्कर हेडसरांनी फोन ठेवला आणि हसायलाच लागले.

"शिक्षकांच्या आरोग्य शिबिरातून फोन होता, गावंडे. माही साखर म्हणे पाचशे! आत्ताच्या आत्ता दवाखान्यात भरती व्हा म्हणतात."

"मंग हसून काहून राहिले, सर? उतरा ना!"

"अरे, ते रक्त माहं नोहोयच. मले सुईचं भेव वाटते. नाव पुकारलं तं आमच्या नितेशनं हात पुढं केला."

"तुमच्या पोरानं?"

"हो ना. पोलीस भरतीची तयारी करून राहिला तो, रोज ग्राउंडवर पयते. त्याले कायची साखर? मशीनच बिघडली असन."

"परवा भेटला तं एकदम वायलेला दिसला, सर."

"मेहनत आहे ना बाप्पा! वजन कसं झरझर उतरलं. पाणी तं मटकंच्या मटकं पिते."

"रात्री लघवीले उठते काय?"

"उठते ना, चार-चार डाव..."

हेडसरांनी घाईघाईनं फोन लावला.

"नितेश, कुठी आहेस? ग्राउंडवर? पयू नको, बाबू. आहे तेथीच बस. पयू नको."