कपाटावरचा डाव

बुद्धिबळ सुधारायचं कसं, हे विचारतोस, तर आमच्या दिनूदादाने सांगितलेलं एकच मला ठाऊक आहे. चांगली चाल सुचली की हात मागे घ्यायचा आणि तिच्याहून चांगली शोधायची.

गेल्या गणपतीत त्याची मुंबईची गाडी सुटायची वेळ झाली आणि आमचा डाव अर्धवट राहिला. चाल माझी होती. पट तसाच कपाटावर आहे. आई पुसतानाही सोंगट्या हलवत नाही.

परवा दादाचा फोन आला. "यंदा रजा नाय मिळत रे. तुझी चाल फोनवरच सांग, संपवून टाकू डाव."

"अजून सुचली नाय, दादा."

"मेल्या, वर्षभर काय करत होतास?"

"तूच म्हणालास ना, घाई करायची नाय!"

खरं तर दिवाळीतच सापडली होती. तीन चालींत दादावर मात होते. पण ती फोनवर सांगून टाकली, तर पुढच्या गणपतीत तरी तो कशासाठी येईल?