दादा किती लिटरचा

माणूस किती लिटरचा असतो? सांगा ना! तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला तरी माहीत असंल. मी लातूरला गोलाईच्या बाजारात एकेका बॅगवाल्याला विचारलो, एकानं बी सांगितलं न्हाई. एक हसला. एक म्हणला, "सकाळीच घेतली का, भाऊ?" एकानं माझ्याकडं पंखा फिरवला, म्हणजे ह्याला ऊन लागलंय असं त्याला वाटलं... आन् मी तर सरळ विचारून राहिलो होतो! बॅगा लिटरवर तुम्हीच विकता ना? वीस लिटर, तीस लिटर, पन्नास लिटर, जसं काय आत दूधच ओतायचंय. आणि गिऱ्हाइकानं विचारलं, बाबा, एक माणूस किती लिटरमध्ये बसतो, तर गिऱ्हाईक येडं! मला काय, मला फक्त बॅग पाहिजे होती.

तसं मी मधूनच सुरू केलो. पहिल्यापासून सांगतो. माझा दादा गेला. हरिओम त्याचं नाव. लातूरला दालमिलमध्ये सुपरवायझर होता. सकाळी चहा पिताना छातीत कळ आली, कप खाली ठेवला आणि संपलं. कप बी फुटला न्हाई. सहा फूट माणूस, आणि कप सुद्धा नीट ठेवून गेला. बाप आधीच गेलेला, दादाचं लग्न व्हायचं होतं, म्हणून अग्नी मीच दिलो, डोकं बी माझंच केलं. सावडायला बी मीच. आणि आमच्यात अस्थी घरात आणत न्हाईत, शेतातल्या कडुलिंबाला टांगतात. तिथून एकदा काढल्या की गंगेत पडेपर्यंत जमिनीला टेकू द्यायच्या न्हाईत. गंगा म्हणजे नांदेडची गोदावरी, आमच्याकडं तिलाच गंगा म्हणतात. टेकल्या तर तो माणूस तिथंच राहतो म्हणे. रस्त्यात. आता मला सांगा, चाकूरच्या आमच्या गावापासून नांदेडपर्यंत दादानं कुठं राहावं? अहमदपूरच्या स्टँडवर?

तर बैठक बसली. न्यायचं कोणी? सगळ्यांनी आधी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि मग हाताकडं. कारण माझ्या हातात वस्तू टिकत न्हाई, असं सगळ्या गावाचं मत हाय. आमचे अण्णाराव काका, बापाचे धाकटे भाऊ, ते म्हणले, "ह्याच्या हाती? ह्यानं पाण्याची मोटार विहिरीत घातली!"

"काका, मोटार विहिरीतच असती."

"ती काठावरची होती, गाढवा!"

आता अशा वेळी मोटारीचा विषय काढायचा असतो का? पण काढला. मग माझा मोबाइल कालव्यात पडलेला तो विषय, मग सातवीनंतर मी शाळा सोडलो तो विषय... मला काही वाटतच नव्हतं हो. कुणी बोललं की तोंड हललेलं दिसायचं, नंतर आवाज यायचा. शेवटी आई बोलली. केवळाबाई माझी आई, तीन दिवसांत पहिल्यांदा बोलली. "त्येच नेईल. त्येचा भाऊ हाय."

बास. मग गाडीचा विषय. जीपमध्ये पाव्हणे गुडघ्याला गुडघा लावून बसणार, डबा कुणाच्या तरी पायाला लागंल, म्हणजे जीप बाद. मी म्हणलो, दादाच्या फटफटीवर नेतो, पाठीला बॅग लावून. काका उडालेच! "पाठीला? मेलेल्या भावाकडं पाठ करून जाणार तू?"

"मग पोटावर लावतो. उलटी."

"पोटावर?"

उमाबाई आत्या कोपऱ्यातून म्हणली, "लेकरू बांधतेत तसं?"

मग पोटावरच ठरलं.

आणि अस्थींचं मातीचं गाडगं फटफटीवर फुटंल म्हणून आईनं स्टीलचा कडीचा डबा दिला. दादाला लातूरला चटणी पाठवायची, तोच. म्हणजे सगळं ठरलं. मला काय, मला फक्त बॅग पाहिजे होती.

तर असा मी फिरत फिरत पंचाक्षरी म्हणून एकाच्या दुकानात शिरलो. गोलाई गोल हाय, तिथं फिरणारा माणूस पुढं जातोय का परत येतोय ते त्याला बी कळत न्हाई. ह्याच्या दुकानापुढून मी आधी बहुतेक गेलो होतो. टोपी डोक्यावर, घाम आलेला. त्यानं बघितलं आणि तोंड सुरू! "या या या! नीटची बॅच का? रिपीटर?" लातूरला कुणी बी जवान पोरगा दिसला की तो डॉक्टरच व्हायला आलाय असं धरून चालतेत.

म्हणलं, "न्हाई, सातवी."

"सातवी नापास?"

"पास. आठवीत नाव हाय अजून. मीच गेलो न्हाई."

"मग ट्रेकिंग! किती दिवसाचा प्रोग्राम?"

"एका दिवसाचा."

"मग वीस लिटर बास झाली. सामान काय काय?"

"एक डबा."

"आणि?"

"डबाच."

"जेवणाचा?"

मी हाव म्हणलो. तुम्ही काय म्हणला असता? तिथं गर्दी होती, एक बाई पोराला कार्टूनची बॅग घेऊन राहिली होती, तिच्यापुढं काय सांगू?

मग त्यानं निळी बॅग काढली. दोन बोटांवर टांगली, हो, दोन बोटांवर, आणि झुलवून दाखवली. "लाइटवेट! घातली का न्हाई, पाठीला कळत बी न्हाई! डबा घाला, पाणी घाला, काही कळणार न्हाई!"

मी म्हणलो, "जरा जड दाखवा."

तो थांबला. "जड?"

"कळाली पाहिजे."

"अहो, लोक हलकी मागतेत! माझ्या उभ्या धंद्यात जड कुणी मागितली न्हाई!"

आता त्याला कसं सांगू? अस्थी गाडग्यातून डब्यात घेऊन डबा परत लिंबाला टांगताना मी दोन हात लावलो होतो, चांगला पाय रोवून, दादा हाय म्हणून. तुरीचं पोतं पाठीवर घेऊन हसत हसत जिना चढणारा दादा. आणि डबा असा एकदम वर आला... मी मागंच गेलो दोन पावलं. आईनं शेंगा भरून दिल्या तरी त्याच्यापेक्षा जड असतोय तो डबा. त्यात ही बॅग, कळत बी न्हाई म्हणून राहिला! मग रस्त्यात मला कळायचं कसं, की दादा संगं हाय?

पण मी एवढंच विचारलो, "माणूस किती लिटरचा असतो?"

पंचाक्षरी हसायला लागला होता. अर्धं हसलाही. तेवढ्यात पट्टा घालून बघायला मी वाकलो आणि टोपी पडली. डोकं ताजं केलेलं. त्याचं हसू तिथंच राहिलं, तोंडावर, कुणी उचलायला न्हाई. बाईनं पोराला जवळ ओढलं. मी टोपी उचललो, घातलो. तो म्हणला, "कोण?"

"दादा."

आता इतका वेळ पोपटासारखा बोलणारा माणूस. बॅगेची झिप लावली, उघडली, आणि म्हणला, "ह्याला... ह्याला रेनकव्हर बी येतंय." बिचारा. त्याला दुसरं काय येत होतं?

मग मात्र त्यानं मन लावून दाखवलं. "डबा केवढा?" मी हातानं दाखवलो, एवढा. आणि मग माझ्याच हातांच्या मधल्या जागेकडं बघत राहिलो, ते खाली घ्यायचं विसरलो. त्यानंच हळूच धरून खाली केले. म्हणला, वीस लिटर मोठी होईल, डबा आत लोळंल, पंधराची घ्या, घट्ट बसंल. म्हणजे कळलं का तुम्हाला? पंधरा. पण ते डब्याचं झालं. दादाचं मी विचारलो होतो, त्याचं उत्तर त्यानं बी दिलं न्हाई.

मग टेप घेऊन माझी मानेपासून कंबरेपर्यंत पाठ मोजायला लागला. "वजन खांद्यावर घ्यायचं न्हाई, कंबरेच्या पट्ट्यावर घ्यायचं. पाठीची लांबी जुळली तर बॅग अंगाची होती."

"पुढून मोजा."

"पुढून?"

"पोटावर घालायचीय."

त्यानं कारण विचारलं न्हाई. पुढून मोजला. शेवटी तसलीच निळी हलकी, पंधराची, घेतलो, कारण त्यानं जड काढली होती ती माझ्या अंगाला बसंना, आणि बसंना म्हणजे हलंल, आणि हललं म्हणजे टेकंल. एक वर्षाची वॉरंटी हाय म्हणला निघताना. कशाची, ते न्हाई विचारलो.

निघायच्या दिवशी शेतात लिंबावरून डबा काढून, आत घालून, झिप लावून, उलटी बॅग घातलो. खांद्याचे पट्टे झाले. पण कंबरेच्या पट्ट्याचं कुलूप आता मागं गेलं ना! उलट्या बॅगेचं असंच होतंय. हात मागं पुरंनात. मी गोल गोल फिरून राहिलो, कुत्रं शेपटीमागं फिरतंय तसा, आणि पाव्हणे बघून राहिले. हसावं का न्हाई ते कुणाला ठरवता येईना. तेवढ्यात मागून कुणीतरी पट्टा धरला. टक्! आवाज झाला. वळून बघतो तर काका. म्हणले, "घट्ट हाय का?"

"हाव."

"बघ हां." त्यांचा हात पट्ट्यावरून निघेना लवकर.

आणि निघालो. मी पुढं फटफटीवर, काका जीपमध्ये मागं. आता फटफटीवर बसलं की पोटावरची बॅग टाकीला टेकती, हे कुणाच्या ध्यानात आलं होतं? पोंऽऽ! मागून हॉर्न. काका जीपमधून अर्धे बाहेर, "टाकीला टेकली! टाकीला टेकली!" मी वरडलो, "टाकी जमीन न्हाई काका!" "लोखंड कुठून येतंय? जमिनीतूनच येतंय!" घ्या! मी पट्टे वर ओढलो, पोट आत, छाती बाहेर, मान ताठ, नवरदेव घोड्यावर बसतो तसा. असा अहमदपूर पार केलो. लोक बघायचे, एवढा ताठ चाललाय कोण! मला काय, मला फक्त बॅग सांभाळायची होती.

लोह्याच्या अलीकडं ट्रॅक्टरची खडी सांडलेली. दिसली मला. दिसली, पण हात-पाय ऐकंनात वेळेवर. पुढचं चाक गेलं. आता पडताना माणूस काय करतो? हात पुढं टाकतो. कुणी बी टाकतो, शिकावं लागत न्हाई. मी हात टाकलो न्हाई. दोन्ही हातांनी बॅग धरलो आणि पाठीवर गेलो, धाडकन, कासव उताणं पडतं तसा. मी खाली, दादा वर. फटफटी बाजूला चाक फिरवत. आभाळ एकदम मोठं दिसलं.

जीप थांबली. काका धोतर सावरत पळत आले. लागलं का, हाड मोडलं का, काही न्हाई! पहिला शब्द, "टेकली का?"

"न्हाई."

"शपथ?"

"तुमची."

मग ते तिथंच खडीवर बसले. मोठा माणूस, मळ्याचा मालक, भर रस्त्यात मांडी घालून, आणि रडायला लागले. म्हणले, "मोटारीचं मी उगा बोललो रे." मी उताणाच. म्हणलो, "काका, आधी उठवा, उठताना टेकंल." मग चौघांनी मला उचललं, पट्ट्याला धरून. माझ्या कोपराचं कातडं गेलं होतं, ते मला दुसऱ्याच कुणीतरी दाखवलं. दुखत नव्हतं. अजून बी दुखत न्हाई. दुखायला पाहिजे होतं ना?

फटफटी तिथंच एका धाब्यावर लावली आणि मला जीपमध्ये पुढं बसवलं. मागं पाव्हणे एकमेकांच्या मांडीवर. आधीच असं केलं असतं तर? पण ते बोलायचं न्हाई.

नांदेडला घाटावर गुरुजी उभेच होते. "बॅग काढून पायरीवर ठेवा."

म्हणलं, "टेकंल."

"घाटावर चालतं हो."

मी काही बोलायच्या आत काका गरजले, "चालत न्हाई! माझं पोरगं खडीवर पडलं तरी टेकू दिलं न्हाई त्यानं, पायरीवर ठेवायला सांगता?" मग मी बॅगेसकट पाण्यात उतरलो, कंबरेपर्यंत, आणि काका बी धोतरासकट मागं. त्यांनी पाण्यात हात घालून पट्टा सोडला. डबा काढलो. तर झाकण निघंना! पडलो तेव्हा चेपलं होतं. मी ओढून राहिलो, काका डबा धरून राहिले, गुरुजी वरून मंत्र संपवून परत पहिल्यापासून म्हणायला लागले... निघालं एकदाचं.

ओतलो. मला वाटलं होतं काहीतरी होईल. काही झालं न्हाई. पाणी थोडं पांढरं झालं आणि परत पाण्यासारखं झालं.

काका म्हणले, "झालं रे. चल." म्हणलं, थांबा. डब्यात बघितलो तर वरच्या काठाला, आतून, जराशी राख चिकटून राहिलेली. पाणी घालून हलवलो, निघंना. मग बोट घालून सगळीकडून फिरवलो, सावकाश, आणि ते बोट पाण्यात धरलो. धरूनच उभा राहिलो. गुरुजी वरून म्हणले, "आता सोडा त्यांना."

मी म्हणलो, सोडलो की, गुरुजी. नुसतं बोट धुऊन राहिलो.