तळ्यापर्यंतची कुरकुर

...आणि भर मे महिन्यात डोंगर चढायला मला सांगितलं होतं कुणी? तुम्हाला सांगतो, आम्ही तंजावरची माणसं, आमच्याकडं उंच म्हणजे देवळाचं गोपूर, तेही खालून हात जोडायला! पण आमची लेक हरिता, बेंगळूरला नोकरी करते, तिचा हट्ट. अप्पा, डोंगरात तळं आहे, बरोबर गाईड आहे, सकाळी निघायचं, सांजेला परत. हरिताची आई, आमची भारती, लगेच पुळियोदरै, म्हणजे चिंचेचा भात, कालवायला बसली, तोही एवढा की वरात जेवेल.

बरं, मी का गेलो? हरिताच्या लग्नासाठी! मला जावई पाहिजे मराठी बोलणारा. राजवाड्याच्या गल्ल्यांत आपली मराठी घरं उरली किती, आणि स्थळं येतात ती कशी... आडनाव भोसल्यांच्या वेळचं आणि तोंड उघडलं की तमिळ, 'वणक्कम अंकल'. म्हटलं, वाटेत पोरीला निवांत समजावू.

कसलं निवांत! तो गाईड, भरद्वाज नाव, डोक्याला रुमाल, पायांच्या काड्या, पुढं पळतोय आणि तमिळमध्ये ओरडतोय, "वांगो सार, वांगो!" म्हणजे या, या, तळं आलंच! वळण गेलं, दुसरं गेलं, तळं काही येईना, माझा जीव मात्र जायला आला. मी भारतीला मराठीत मोठ्यानं म्हटलं, हा माणूस आहे का माकड? ती म्हणते, अहो, हळू बोला. हळू कशाला? आपल्या भाषेत बोलतोय, इथं कुणाला कळतंय?

अहो, हीच तर आमची सोय! कापडाच्या दुकानात, बसमध्ये, समोरच्याच्या तोंडावर काय वाटेल ते बोलावं, कुणाला कळतंय? मग काय, तोंड सुटलंच माझं. ह्याला चालण्याशिवाय काय येतं... ह्याला मुलगी कोण देणार... मी तर आमची मांजरसुद्धा देणार नाही! हरिता लालेलाल. मला वाटलं, ऊन लागलं पोरीला.

आलं एकदाचं तळं. पाण्यात पाय सोडले, डबा उघडला, भारतीनं त्या भरद्वाजला आधी वाढलं, तेही दोनदा. तो शांतपणे जेवला, हात धुतला आणि माझ्याकडं वळून म्हणतो, "मामा, मांजर राहू द्या. हरिता द्या."

मराठीत! स्वच्छ! आमच्या तंजावरजवळच्याच ओरत्तनाडूचा निघाला, आजी वेंकूबाईनं मराठीतच वाढवलेला. हरिताचं त्याच्याशी आधीच जमलेलं, भारतीलाही ठाऊक, एवढा भात उगीच नव्हता कालवला. आणि मी नाही म्हणू कुठल्या तोंडानं? मराठी बोलणारा पाहिजे, मीच गावभर सांगत होतो ना?

ठरलं लग्न. मुलगा चांगला आहे, खोटं कशाला बोलू... पण सुट्टी आली की हजर, समोर बसतो आणि सगळं कळतं हो त्याला! मला घरात कुरकुर करायला भाषाच उरली नाही. शेवटी कोपऱ्यावरच्या मास्तरांकडं तेलुगू शिकायला लागलो, ह्या वयात. भारतीला म्हटलं, तूही चल. ती म्हणते, मला काय गरज, मला जावई आवडलाय.

म्हणजे आता मी एकटाच तेलुगूत कुरकुरतो... कुणाला कळतंय?